धुरावरून अग्नी

वाफसा आला की जमीन कुणासाठी थांबत नाही. नेमका त्याच सकाळी जुना ट्रॅक्टर चालू होईना, की बांधावर एकच निकाल लागतो: इंजिन गेलं. पुराव्याआधी लागलेला हा निकाल पुष्कळदा चुकतो आणि महागात पडतो. पंप खोलला जातो, नोझल बदलले जातात, आणि दोष शेवटी सापडतो तो बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या थरात.

पिंजोरच्या कारखान्यात १९७१ पासून बनू लागलेले एचएमटी झेटर ट्रॅक्टर आता तिथे तयार होत नाहीत, तरी त्यातले कित्येक अजून नांगरटीला जातात. त्यांच्या पोटात जे घडतं ते ऐकून, बघून, हाताने चाचपून कळतं, म्हणून ते टिकले. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा १६-१७ पट दाबली जाते, ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणजे इंजिन पुरेशा वेगाने फिरायला हवं, हवा नीट दाबली जायला हवी आणि डिझेल वेळेवर यायला हवं. रुसलेल्या ट्रॅक्टरला विचारायचे सगळे प्रश्न या तिन्हींतूनच निघतात.

किल्ली फिरवल्यावर नुसतं ‘टक्’ झालं, तर दिवे लावून पुन्हा सेल्फ मारावा. दिवे मंदावले तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल खराब. तसेच लख्ख राहिले तर करंट सेल्फच्या आत पोचतच नाही. चांगल्या तपासाची खूण हीच, की उत्तर कोणतंही आलं तरी आपल्याला पुढची वाट कळते.

इंजिन फिरतंय पण पेटत नाही, अशा वेळी सायलेन्सरकडे बघावं. धुरावरून अग्नीचं अनुमान हे आपल्या न्यायशास्त्रातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. पण सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने ‘न्यायबिंदू’त एक सावधगिरी सांगून ठेवली आहे: समोरचा लोट धुराचा की वाफेचा हेच नक्की नसेल, तर त्यावरून अग्नी सिद्ध होत नाही. थंड सकाळी सेल्फ मारताना निघणारा पांढरा लोट अगदी तसा असतो. ती न जळलेल्या डिझेलची वाफ. डिझेल पोचतंय, पण पेटण्याइतकी हवा तापत नाही, असं ती सांगते. यात पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असू शकतात. किंवा इंजिन फार हळू फिरत असतं, म्हणजे बोट पुन्हा बॅटरीकडेच वळतं. लोटच नसेल, तर डिझेल वाटेत अडलं आहे: बंद राहिलेला कॉक, ओढलेलाच राहिलेला स्टॉपचा खटका, तुंबलेला फिल्टर, नाहीतर लाइनमध्ये शिरलेली एअर.

एअर काढणारा फिटर फिल्टरवरचा स्क्रू सैल करतो आणि हातपंप मारत राहतो. आधी फेस येतो, मग तुटक बुडबुडे, शेवटी अखंड धार. तेव्हाच तो स्क्रू आवळतो. बुडबुडा राहिला तर पंपाचा जोर त्याला दाबण्यातच खर्ची पडतो, नोझल उघडायला दाब उरत नाही. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते म्हणून आग पेटते; नळीत तीच हवा दाबली जाते म्हणून आग अडते. गुण तोच, जागा चुकलेली. ही हवा जिथून शिरते ती फट कोरडीही असू शकते, कारण टाकीकडून येणाऱ्या नळीत पंप डिझेल ओढून घेतो आणि फटीतून थेंब बाहेर पडण्याऐवजी वारा आत खेचला जातो. ‘गळत नाही, म्हणजे जोड ठीक आहे’ हे अनुमान इथे हमखास फसतं.

हे सारं जाणणारा माणूस तालुक्याच्या रस्त्यावरच्या एखाद्या टपरीत काम करत असतो. सोप्या तपासापासून सुरुवात करायची, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आधी ऐकायचं आणि मग पाना उचलायचा, ही त्याची शिस्त मला प्रमाणशास्त्राच्या तोडीची वाटते. ग्रंथाला आपण विद्या म्हणून मान देतो आणि या हातांना फक्त मजुरी देतो, हा अन्याय आहे. तर्कशास्त्र शिकणाऱ्या मुलांना एकदा तरी बंद पडलेल्या ट्रॅक्टरजवळ न्यावं. तिथे शब्दांनी वाद जिंकता येत नाही. अनुमान खरं ठरायला इंजिन चालूच व्हावं लागतं.