ओसरी आणि माजघर



सायंकाळची आरती आटोपून आपण घरी परततो, तेव्हा उंबरठा ओलांडताच आपल्यात एक पालट घडतो. इस्त्रीचा सदरा खुंटीला जातो, जुने मऊ वस्त्र अंगावर येते, वर्तमानपत्राची पाने चारी दिशांना पांगतात आणि चहाचा पेला जेथे संपला तेथेच विसावतो. इतक्यात दाराची कडी वाजली, की सारा पसारा खाटेखाली लोटला जातो व ठेवणीतल्या कपबश्या बाहेर निघतात. बाहेरचे नीटनेटके रूप खरे की आतले सैल रूप खरे, आणि अशी दोन रूपे बाळगणे हा दंभ तर नव्हे, असा प्रश्न श्रद्धावान मनाला पडणे साहजिक आहे. त्याचाच विचार आज आपण करू.

विसावा हा दोष नव्हे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. साक्षात् पंढरीरायाचेच उदाहरण घ्यावे. आषाढी यात्रेच्या आधी विठ्ठलाचा पलंग काढतात, शेजारती थांबते आणि देव अहोरात्र दर्शनासाठी उभा राहतो. त्या दिवसांत त्याच्या पाठीशी मऊ लोड देतात, रुक्मिणीमातेस तक्क्या देतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, श्रमपरिहारासाठी देवाला काढा दाखवितात आणि पलंग पुन्हा शेजघरात येतो. विटेवर युगानुयुगे उभ्या असलेल्या देवाचाही शीण ज्या परंपरेने ओळखला, ती परंपरा दिवसभर दुकानात, शाळेत वा यंत्रमागापाशी उभे राहिलेल्या गृहस्थाला 'घरी पाय पसरू नकोस' असे कसे सांगेल?

आपल्या पूर्वजांनीही घर बांधताना ओसरी वेगळी व माजघर वेगळे ठेवले. तापीतीरावरील शाही किल्ल्यातही दिवाण-ए-आम वेगळा, दिवाण-ए-खास वेगळा आणि हमामखाना त्याहून वेगळा. राजा असो वा रंक, चार लोकांच्या दृष्टीआड क्षणभर सैल होण्याची जागा प्रत्येकाला हवी असते. पाहुण्यासाठी ओसरी झाडणे हा त्याचा आदर होय. त्यात फसवणूक नाही.

मग दंभ कोठे सुरू होतो? गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंतांनी अमानित्व आणि अदंभित्व यांना अग्रस्थान दिले, आणि त्यांना लागूनच अहिंसा व क्षमा सांगितली. हा क्रम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. घरी आल्यावर आपला नुसता सदरा सैल होतो, की जीभही सैल होते? ओसरीवर 'या, बसा' म्हणणारा मनुष्य माजघरात पत्नीवर खेकसत असेल, तर त्याने उतरविले ते केवळ वस्त्र नव्हे. त्याने धर्मच खुंटीला टांगला. पसारा क्षम्य आहे, कठोर वाणी क्षम्य नाही.

दुसरी कसोटी याहून सूक्ष्म आहे. ज्या पसाऱ्यात आपण सुखाने लोळतो, तो आवरतो कोण? पेला आपोआप मोरीपाशी जात नाही. पुष्कळ घरांत पुरुष आणि मुले बाहेरून येऊन मोकळी होतात. परंतु सून मात्र पहाटेपासून रात्रीपर्यंत पदर सावरून, बोलणे तोलून वावरते. तिच्यासाठी अवघे घर ही ओसरीच असते; माजघर तिच्या वाट्याला आलेलेच नसते. एकाची मोकळीक दुसऱ्याच्या श्रमावर उभी असेल, तर तिला विसावा म्हणता येणार नाही.

आपल्या बुऱ्हाणपुरातील कुंडी भंडारा या ठिकाणी पुष्कळांनी पाहिला असेल. जहांगीर बादशहाच्या अमदानीत, इ. स. १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या उतारावर मुरणारे पाणी भुयारांतून नगरात आणण्याची ही योजना झाली. वरून चालणाऱ्याला केवळ कुंड्यांची रांग दिसते. पाणी खोल अंधारात वाहत असते. झाकलेले आहे म्हणून ते अशुद्ध नाही. परंतु त्या कुंड्यांतून आत हवा व उजेड जातो म्हणूनच ते भुयार राखता येते. आणि दुर्लक्ष झाले तर चुन्याची पुटे चढून वाट अरुंद होते. गृहस्थाश्रमाचेही तसेच आहे. आतले जीवन झाकलेले असावे, पण तुंबलेले नसावे.

म्हणून, सज्जनहो, घरी खुशाल पाय पसरावेत. फक्त निजण्यापूर्वी आपला पेला आपण उचलावा, दिवसात उणा शब्द गेला असेल तर तो मागे घ्यावा, आणि घरातील जिला अद्याप बसावयास मिळाले नाही तिला 'तू आता बस' असे म्हणून उरलेले काम आपल्या हाती घ्यावे. पंढरीत देवाचा शीण भक्त उतरवितात. घरच्या लक्ष्मीचा शीण घरच्यांनी उतरवावा. ज्या घरात प्रत्येकाला आपले माजघर लाभले, त्या घराच्या ओसरीला निराळ्या शोभेची गरज उरत नाही. अशी बुद्धी आपणां सर्वांस होवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.