दुसरा कोस कोणाचा?

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू म्हणतो की, कोणी आपल्याला वेठीस धरून एक कोस नेले, तर आपण त्याच्यासोबत आणखी एक कोस जावे (मत्तय ५:४१). वेठ हा शब्द आपल्या मराठी शास्त्रात आहे आणि आपल्या आदिलाबादकडच्या मातीतही मुरलेला आहे. तेलुगू शेजारी 'वेट्टी' म्हणतात, आपण 'वेठ' म्हणतो, ओझे एकच. हे वचन शिकवताना शब्बाथशाळेतील एखादे मूल सहज विचारील, "मग वेठीला धरणे चुकीचे नाही का?" सोसणाऱ्याने सोसावे असे प्रभूनेच सांगितले, तर सोसायला लावणाऱ्याला दोष कसा द्यायचा? प्रश्न मुलाचा असला तरी तो लहान नाही. त्याचा आपण विचार करू.

प्रथम वेठ काय असते ते पाहू. निजामाच्या राज्यात अंमलदाराचा दौरा निघाला की गावातून माणसे, बैल व गाड्या धरल्या जात. सामान पुढच्या गावापर्यंत वाहणे, चारा-सरपण पुरवणे, पाणी भरणे ही कामे गावाने हलक्या ठरवलेल्या जातींवर आणि गोंड-कोलामांवर पडत. मजुरी नसे. दुसरा प्रकार 'भगेला' गड्याचा. थोडे कर्ज घ्यावे, त्यापोटी सावकाराच्या शेतात राबावे, आणि फिटले नाही तर तेच जोखड मुलाच्या मानेवर यावे. १९३६ साली निजाम सरकारने भगेला करारांवर निर्बंध घालणारा कायदा केला. परंतु ज्याला अक्षर येत नाही, त्याच्या बाजूने कागद बोलत नाही. १९४० साली जोडेघाट येथे कोमराम भीम जंगल-जमिनीच्या हक्कासाठी लढताना पोलिसांच्या गोळीस बळी पडले. त्यानंतर या भागात राहिलेले मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी सरकारी वेठीची व कर्जात अडकलेल्या आदिवासींची हकीकत लिहून ठेवली आहे.

पुढे सप्टेंबर १९४८ पासून १९४९ च्या अखेरपर्यंत हैदराबाद संस्थानावर, म्हणजे आपल्या जिल्ह्यावरही, लष्करी गव्हर्नरचा अंमल होता. त्याच काळात जहागिऱ्या रद्द झाल्या आणि त्याच काळात तेलंगणातील शेतकऱ्यांच्या लढ्यावर सैन्यही धाडले गेले. बरे असो वा वाईट, हुकूम वरून येई. खालच्या माणसाला विचारण्याची सोय नव्हती. २६ जानेवारी १९५० रोजी घटना अमलात आली आणि तिच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीस मनाई केली. त्या दिवशी गरिबाला एक लहानसा शब्द मिळाला : "नाही."

ज्या देशात हा शब्द मिळाला नाही तेथे काय होते, ते ब्रह्मदेशाकडे (आजच्या म्यानमारकडे) पाहून कळते. सक्तीच्या मजुरीविरुद्धचा १९३० चा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९५४ साली आणि ब्रह्मदेशाने १९५५ साली मान्य केला. १९६२ साली तेथे लष्कराने सत्ता घेतली. १९९८ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या चौकशी आयोगाने दाखवून दिले की, खेडुतांकडून सैन्याचे ओझे वाहून घेणे आणि रस्ते, लोहमार्ग व छावण्या बांधून घेणे हे सर्रास चालले होते. सरकारचे म्हणणे असे की, हे तर पुण्यासाठी केलेले श्रमदान, ही लोकांची जुनी रूढी! १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली, आणि २०२३ साली दुसऱ्या चौकशी आयोगालाही तीच सक्ती आढळली. या ओझ्याखाली कारेन, काचिन व चिन लोकांतील आपले ख्रिस्ती बांधव आहेत, तसेच बौद्ध आणि मुसलमानही आहेत. कण्हणे ऐकण्याआधी देव धर्म विचारत नाही.

वेठीला नेहमीच एखादे चांगले नाव दिले जाते. कोठे मामूल, कोठे देशकार्य, कोठे पुण्य. शास्त्रातही हे दिसते. शलमोनाने ३०,००० माणसे वेठीला लावून दरमहा १०,००० लबानोनास पाठविली, आणि तीही देवाच्या मंदिरासाठी! तरी त्याच्यामागे लोकांनी जोखड हलके करण्याची विनवणी केली. रहबामाने ती झिडकारली, तेव्हा वेठीवरचा मुकादम अदोराम धोंडमार होऊन मेला आणि राज्य दुभंगले. मंदिर बांधले म्हणून वेठ पवित्र झाली नाही.

येथे कोणी म्हणेल, राज्याने प्रजेकडून काहीच मागू नये काय? मागावे. पूर आला, वणवा लागला, तर सर्वांनी धावलेच पाहिजे. वरील करारातही अशा संकटांची सूट आहे. पण एक साधी कसोटी लावावी : हुकूम देणाऱ्याचा मुलगाही टोपले उचलतो काय?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पहिला कोस शिपायाचा असतो. तेथे माणूस म्हणजे ओझ्याचे जनावर. दुसरा कोस मात्र त्या माणसाचा स्वतःचा. तो कोणी मागितलेला नसतो, म्हणूनच त्यात तो पुन्हा माणूस होतो. यावरून उघड आहे की, हा कोस फक्त ओझे वाहणाराच देऊ शकतो. शिपायाने तो मागितला, किंवा रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्याने "जा रे बाबा, प्रभूने सांगितले आहे" असा उपदेश केला, तर तो दुसरा कोस राहत नाही, पहिलाच लांबतो. कडेला उभ्या असलेल्यांसाठी शास्त्रात वेगळी वचने आहेत. शेजाऱ्याला फुकट राबवून घर बांधणाऱ्याला यिर्मया हाय हाय म्हणतो (२२:१३), आणि अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते असे याकोब सांगतो (५:४). कुरेनेकर शिमोनालाही शिपायांनी वेठीसच धरले होते. देवाने त्याला मान दिला. त्याला धरणाऱ्या शिपायांना मात्र त्याचे श्रेय कोणी दिले नाही.

आणि आपण कडेलाच उभे आहोत असे तरी का समजावे? १९८२ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात ठरविले की, किमान वेतनाहून कमी देऊन काम घेणे हीदेखील सक्तीची मजुरीच. कारण भूक हीसुद्धा सक्तीच आहे. उचल देऊन वीटभट्टीवर वा उसाच्या फडात अडकवलेली जोडपी आपल्या वाटेवर भेटतात. आपल्या घरी भांडी घासणारी बाई आहे. मंदिराची झाडलोट करणारा, घंटा वाजविणारा भाऊ आहे. त्याला तुटपुंजे देऊन "ही प्रभूची सेवा आहे" असे मंडळी म्हणत असेल, तर तिने शलमोनाचे मंदिर आठवावे. सेवा हा शब्द करणाऱ्याने उच्चारायचा आहे, करवून घेणाऱ्याने नव्हे.

तेव्हा शब्बाथशाळेतील त्या मुलाला असे उत्तर द्यावे : "बाळ, वेठीस धरणे हे पापच आहे. दुसरा कोस चालायचा की नाही, हे ओझे वाहणारा आणि प्रभू पाहून घेतील. आपण त्याचे ओझे खाली उतरवावे आणि त्याची मजुरी सूर्य मावळण्याआधी त्याच्या हातावर ठेवावी."