मूठ केव्हा ओढावी?

प्रयत्न अखेरपर्यंत सोडू नये, हा उपदेश आपणां सर्वांना बाळपणीच मिळालेला असतो. परंतु हाती घेतलेली गोष्ट कोणत्या क्षणी सोडून द्यावी, हे शिकविणारा गुरू क्वचितच भेटतो. विमानविद्येत मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. तेथे उत्तरासाठी मिळणारा अवधी काही सेकंदांचा असतो, आणि उत्तर देणारा पुष्कळदा विशीतला शिकाऊ तरुण असतो.

बंगळूरला राहणाऱ्या मराठी माणसास हा विषय परका वाटू नये. येथील विमान कारखाना १९४० साली उभा राहिला, तो सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या धडाडीने व म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने. एच. टी.-२ हे स्वदेशी आराखड्याचे शिक्षण-विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी येथूनच आकाशात चढले, आणि त्याचा आराखडा कोल्हापूरकडील डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध झाला होता. पुढे त्याच कारखान्याने ‘दीपक’ हे विमान केले. हवाई दलातील कित्येक वैमानिकांनी उड्डाणाची मुळाक्षरे त्यावर गिरविली. परंतु त्याचे इंजिन हवेत बंद पडण्याच्या तक्रारी होत राहिल्या, आणि जुलै २००९ मध्ये एका अपघातात दोन प्रशिक्षक मृत्यू पावल्यावर या विमानांचे उड्डाण थांबविण्यात आले. संपूर्ण विमानालाच हवाई छत्री, म्हणजे पॅराशूट, बसवावे असा विचार त्यानंतर झाला. तथापि ‘दीपक’ पुन्हा शिक्षणास आले नाही. २०१३ मध्ये त्याच्या जागी स्वित्झर्लंडची पिलॅटस विमाने आली.

या छत्रीची योजना सांगावयास सोपी आहे. वैमानिकाने एक मूठ ओढली की लहानसा अग्निबाण छत्रीला बाहेर खेचतो, आणि माणसांसकट सारे विमान तिला लोंबकळत खाली येते. अमेरिकेतील सिरस कंपनीचे अशी छत्री मुळातच बसविलेले विमान १९९८ साली प्रमाणित झाले. छत्री पुरती उघडण्यास काही शे फूट उंची खर्ची पडते. त्यानंतर विमान वैमानिकाच्या आज्ञेत राहत नाही, वारा नेईल तिकडे जाते, आणि जमिनीवर टेकताना बहुधा मोडते.

त्या विमानांचा पहिल्या वर्षांतील अनुभव विचार करावयास लावणारा आहे. छत्री जवळ असूनही काही वैमानिकांनी ती वापरलीच नाही. धावपट्टी गाठू, इंजिन पुन्हा सुरू करू, या आशेत उंची संपून गेली. पुढे शिक्षणाची पद्धत बदलली. अमुक उंचीखाली इंजिन गेले तर तर्क करीत बसावयाचे नाही, मूठ ओढावयाची, हे उड्डाणापूर्वीच ठरवून ठेवण्यास वैमानिकांना शिकविण्यात आले. त्यानंतर मृत्यू घटले. यंत्र तेच होते. मनाची तयारी बदलली होती.

यावर आक्षेप असा की, सुटकेची वाट आधीच दाखविली तर माणूस भित्रा होईल. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या फुग्यांतील टेहळ्यांना हवाई छत्र्या होत्या, विमानांतील वैमानिकांना नव्हत्या. वजनाच्या अडचणीबरोबर हाही संशय त्यामागे होता असे सांगतात. कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय जुलै १९१८ मध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी विमानासह पडला, तो अशा छत्रीवाचूनच.

आपल्याही मनात हा आक्षेप दडलेला असतो, कारण घोडखिंड न सोडणारा बाजीप्रभू हा आपला आदर्श. परंतु बाजीप्रभू खिंडीत उभा राहिला तो राजा विशाळगडी पोहोचावा म्हणून. खाली वस्ती आहे, सुटलेले विमान तिच्यावर जाऊन पडेल, एवढ्यासाठी जो वैमानिक अखेरपर्यंत सुकाणू धरून राहतो, त्याचे धैर्य त्याच जातीचे होय. पण यंत्र वाचावे, आपले नाव राहावे, वरिष्ठांनी ठपका ठेवू नये, म्हणून जो थांबतो त्याच्या मरणाला वीरमरण म्हणून आपण कोणाचे समाधान करतो? शिर सलामत तर पगडी पचास, ही म्हण लढवय्यांच्याच मुलखात रूढ झाली आहे.

आणि येथेच हा प्रश्न आकाशातून आपल्या मेजावर उतरतो. आम्ही कारकून मंडळी सरकारी मालमत्तेच्या नोंदी ठेवतो. साधा पंखा मोडला तरी निर्लेखनाचे कागद होतात, जबाब होतात, जबाबदारी निश्चित होते. यंत्राची किंमत रुपयांत मांडता येते. वाचलेल्या माणसाची नोंद करावयास त्या नमुन्यात रकाना नसतो. मूठ ओढली तर ठपका येईल आणि न ओढता कसेबसे उतरलो तर शाबासकी मिळेल, असा हिशेब ज्या संस्थेत चालतो, तेथे तरुणाचा हात ऐन वेळी अडतो. ती भीती त्याने घरून आणलेली नसते. ती त्याला संस्थेने दिलेली असते.

चौकशी नकोच, असे माझे म्हणणे नाही. कारणे शोधलीच पाहिजेत. परंतु इंजिन का थांबले, याची चौकशी व्हावी. ठरलेल्या उंचीवर ठरलेली मूठ का ओढली, याचा जाब विचारला जाऊ नये. नीतिशास्त्र कृतीची जबाबदारी कर्त्यावर ठेवते, आणि ते योग्यच आहे. पण ज्या निर्णयाला आकाशात विचार करण्याइतका वेळच नसतो, तो खरोखर जमिनीवर, शांतपणे, पूर्वीच झालेला असतो. त्यात शिकविणारा, नियम लिहिणारा आणि नियम लावणारा हे सारे वाटेकरी असतात. शिकाऊ वैमानिकाला मूठ कोठे आहे हे दाखविणे सोपे आहे. ती ओढल्यावर आम्ही तुझ्या पाठीशी उभे राहू, हे वचन त्याला आधी देणे आणि मग पाळणे, एवढे कर्तव्य मात्र जमिनीवर राहणाऱ्यांचे आहे.