बाहेर बोलावण्याचा अधिकार

सामना गेला हे मैदानावरच्या प्रत्येकाला कळलेलं असतं, आणि तरीही संघाचा सर्वांत मोलाचा खेळाडू मार खात उभा असतो. अमेरिकन फुटबॉल पाहणाऱ्यांना हे नवीन नाही. २५ सप्टेंबर २०२२ ला लॉस एंजेलिसच्या चार्जर्स संघाच्या बाबतीत ते पुन्हा दिसलं. घरच्या मैदानावर जॅक्सनव्हिल जॅग्वार्सविरुद्ध ३८-१० अशी पिछाडी, शेवटच्या सत्रातली मोजकी मिनिटं बाकी, आणि क्वार्टरबॅक जस्टिन हर्बर्ट अजून खेळतोच आहे. दहाच दिवसांपूर्वी कॅन्सस सिटीत त्याच्या बरगडीच्या कूर्चेला फ्रॅक्चर झालं होतं. चेंडू फेकायला हात वर गेला की क्वार्टरबॅकची ती बाजू उघडी पडते. धावत येणारा बचावपटू आदळतो तो बहुतेक वेळा तिथेच.

हरलेल्या सामन्यात धोका कमी होतो, असं वरवर वाटतं. खरं तर तो वाढतो. गुण बरोबरीचे असताना चेंडू घेऊन धावायचं की लांब फेकायचं, हे प्रतिस्पर्ध्याला ओळखता येत नाही, म्हणून तो जपून पुढे येतो. चार टचडाउनची पिछाडी असली की फेकण्यावाचून इलाज नसतो आणि ते साऱ्या स्टेडियमला ठाऊक असतं. मग बचावपटू कसलाही विचार न करता थेट क्वार्टरबॅकवर तुटून पडतात. त्याला आडोसा देणारी फळी तोवर दमलेली असते, कधी मोडलेलीही असते. त्या दिवशी हर्बर्टच्या डाव्या बाजूची राखण करणारा रशॉन स्लेटर जखमी झाला आणि त्या हंगामात पुन्हा खेळू शकला नाही.

प्रशिक्षक ब्रँडन स्टेली यांनी नंतर सांगितलं, की हर्बर्टलाच सहकाऱ्यांसोबत मैदानावर राहायचं होतं. ते खरंच असणार. या पातळीला पोहोचलेला खेळाडू दुसरं काय म्हणेल? ‘मला बाहेर घ्या’ असं सहज म्हणणारा माणूस इथवर येतच नाही. म्हणून त्याची इच्छा हा निर्णयाचा आधार होऊ शकत नाही.

जानेवारी २०१३ मध्ये वॉशिंग्टनचे प्रशिक्षक माइक शॅनहन यांनीही याच इच्छेचा आधार घेतला होता. सामना हातात होता, १४-० अशी आघाडी होती. पण क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिनचा आधीच दुखावलेला गुडघा पहिल्याच सत्रात पुन्हा दुखावला. तो लंगडत होता, सगळ्यांना दिसत होतं. आपण खेळू शकतो, असं त्याने प्रशिक्षकांना सांगितलं. शेवटच्या सत्रात घरंगळलेला चेंडू उचलायला जाताना तो गुडघा दुमडला. वॉशिंग्टन २४-१४ ने हरलं आणि तीन दिवसांनी ग्रिफिनच्या गुडघ्याच्या दोन अस्थिबंधांवर शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कॅन्सस सिटीकडून ४५-१० असा धुव्वा उडाल्यावर शॅनहन यांनी उरलेल्या तीन सामन्यांत त्याला बसवून ठेवलं, कारण सांगितलं त्याच्या तब्येतीचं. पहिल्या हंगामातला ग्रिफिन मात्र परत दिसला नाही.

अशा खेळाडूला बाहेर बोलावण्याविरुद्धचा एक मुद्दा मला खरोखर वजनदार वाटतो. ताऱ्याला सावलीत बसवायचं, मग बाकीच्या दहा जणांनी कुणासाठी हाडं मोडून घ्यायची? त्यांच्याही बरगड्या आहेत, घरी त्यांचीही वाट पाहणारी माणसं आहेत. याचं उत्तर एवढंच, की अशा वेळी जितक्यांना बाहेर काढता येईल तितक्यांना काढावं. आडोशाच्या फळीसाठी राखीव मोजकेच असतात, सगळ्यांची सुटका होत नाही. पण म्हणून एकालाही सोडवायचं नाही, हा काही न्याय नव्हे. सगळे बुडत असताना हाताशी आलेल्याला कुणी पाण्यात ठेवत नाही.

योगायोग असा, की त्याच २५ सप्टेंबरला मायामीत क्वार्टरबॅक टुआ टॅगोव्हायलोआ आपटल्यानंतर उठताना झोकांड्या खाऊ लागला आणि तरी परत खेळला. चार दिवसांनी सिनसिनाटीत त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. मग लीगने नियम बदलला: डोकं आपटल्यावर तोल गेला, तर त्या सामन्यात परत येणं बंद. खेळाडूला विचारायचं नाही, प्रशिक्षकालाही नाही. डोक्यापुरतं हे शहाणपण आलं. बरगडी आणि गुडघा अजूनही बऱ्याच अंशी कडेला उभ्या असलेल्या एका माणसाच्या विवेकावर सोपवलेले आहेत.

त्या माणसाला भीती असते ती ‘याने हार मानली’ या शब्दांची. २९ सप्टेंबर २०१४ ला न्यू इंग्लंडचे बिल बेलिचिक यांनी ती बाजूला ठेवली. कॅन्सस सिटीत ४१-१४ अशा पराभवात शेवटच्या सत्रात त्यांनी क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला बसवलं आणि नवख्या जिमी गॅरोपोलोला पाठवलं. ब्रेडीचं वय झालं, अशी चर्चा लगेच सुरू झाली. त्याच हंगामाच्या शेवटी ब्रेडी आणि न्यू इंग्लंड यांनी सुपर बोल जिंकला.

स्टेली यांच्याकडेही त्या दिवशी राखीव क्वार्टरबॅक होता. हर्बर्टला न विचारता त्यांनी त्याला बाहेर बोलवायला हवं होतं.