यंत्राची कक्षा आणि माणसाची मर्यादा

हॅम रेडिओच्या हौशी चालकांपाशीं हातांत मावणारे जे संच असतात, त्यांपैकीं कित्येकांतील एखादा डायोड काढला कीं त्यांची प्रक्षेपणकक्षा वाढते. आपल्या देशांत अशा चालकांस १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ यांसारखे ठराविक पट्टे मोकळे आहेत. डायोड निघाल्यावर इतरांस नेमून दिलेल्या लहरींवरहि बोलतां येतें. परंतु यंत्रास जें शक्य झालें, तें माणसास योग्यहि झालें काय?

यावर गिरगांवकर विचारील, ‘१९४२ सालीं काँग्रेस रेडिओनें कोणाची परवानगी घेतली होती?’ प्रश्न रास्त आहे. महायुद्धामुळें हौशी चालकांचे परवाने रद्द झाले असतांहि उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं चौपाटी, गिरगांव अशा जागा बदलीत ४२.३४ मीटरांच्या लहरीवरून गुप्त प्रक्षेपण केलें. १२ नोव्हेंबरला त्या पकडल्या गेल्या. पुढें त्यांस चार वर्षांची सक्तमजुरी झाली.

आमच्या मतें भेद येथेंच आहे. त्यांना कायद्याचें दारच बंद होतें, आणि नियमभंगाची किंमत त्यांनीं स्वतः मोजली. आजच्या चालकास परवान्याचें दार उघडें आहे, आणि त्याच्या नियमभंगाची किंमत मोजावी लागते दुसऱ्याला. एकाच लहरीवर दोघे बोलूं लागले, कीं एकाचा शब्द दडपला जातो. तो शब्द लालबागच्या चाळींतील आगींतून साथीदारांस हांक मारणाऱ्या बंबवाल्याचाहि असूं शकेल.

‘संकटांत उपयोगी पडेल’ असें कोणी म्हणतील. प्राणांवर बेतलें असतां मर्यादा ओलांडून त्याचा जाब देणें निराळें, आणि दादरच्या घरीं निवांत बसून कुलूप आधींच काढून ठेवणें निराळें.