दुसऱ्याच्या शेतातला पाऊस

पाप मनात आलं की लागतं, की हातून घडल्यावरच? हा प्रश्न मला देवळात पडला नाही. आमच्या मेडशीच्या घरात, सोयाबीनच्या बावीस कट्ट्यांसमोर पडला.

२०२३ चा जानेवारी होता. भाव क्विंटलला ५३०० च्या आसपास होता आणि मी माल धरून बसले होते. २०२१ च्या ऑगस्टात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं, तेव्हा आमच्या घरात पसाभरही दाणा उरला नव्हता. ती सल होती. पुतण्या रोज दिवेलागणीला मोबाइल घेऊन ओसरीवर बसे. त्या दिवशी म्हणाला, "काकू, अर्जेंटिनात पाणीच नाही पडून रायलं. लागोपाठ तिसरं वर्ष. तिकडचं करपलं का शिकागोच्या बाजारातला भाव चढते, मंग आपला."

माझ्या तोंडून निघून गेलं, "अजून पंधरा दिवस नको पडू देऊ रे बाप्पा!"

दिवा नुकताच लावला होता. हात जोडलेलेच होते.

रात्री झोप लागेना. मृगात पेरलेलं बी मातीतच भाजताना मी पाहिलं आहे. धुऱ्यावर बसून आभाळाला शिव्याही दिल्या आहेत. आणि तीच मी कुणाच्या तरी शेतावर उन्हाळा मागत होते.

पुतण्याला यात काही वावगं वाटत नाही. त्याचा हिशेब सरळ आहे. दाण्यात तेल अठरा टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक ढेप. देश जेवढं तेल खातो त्यातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. डॉलर महागला की ते तेल महाग पडतं आणि आपल्या दाण्यात जरा धुगधुगी येते. म्हणजे पाऊस पडू नये हे मागितलं तसं रुपया पडावा हेही मागायचं! पण रुपया पडला की डीएपी खत आणि डिझेलही चढायची भीती. देवानं नेमकं काय ऐकावं?

गंमत अशी की त्यानं ऐकलं. अर्जेंटिनात आदल्या वर्षी सव्वाचार कोटी टनांच्या वर झालेलं सोयाबीन त्या साली अडीच कोटींवर आलं. भाव मात्र आला नाही. ब्राझीलमध्ये पंधरा कोटी टनांच्या वर पिकलं, पामतेल स्वस्त झालं आणि मे महिन्यात मी पाच हजारांच्या आत कट्टे मोकळे केले. मागितलं ते मिळालं, ते माझ्या काही कामाचं नव्हतं.

अर्जेंटिनातले शेतकरीही माल धरतात म्हणे. त्यांचं चलन, पेसो, इतकं घसरतं की दाणा हीच त्यांची शिल्लक. शेतातच पांढऱ्या लांबलचक प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून ठेवतात. तिथंही एखादी माझ्यासारखी बसली असेल, ब्राझीलच्या ढगांकडे डोळे लावून.

माझं मागणं पाप होतं का, असं एका कीर्तनकार महाराजांना विचारलं. म्हणाले, "माउली, ज्याचं त्याचं प्रारब्ध." मला पटलं नाही. प्रारब्ध ज्याचं त्याचं असेल, तर अर्जेंटिनातल्या शेतकऱ्याच्या करपलेल्या शेताचा माझ्या कट्ट्यांशी संबंध कसा लागतो? मला आठवले ते देहूचे तुकोबा. घरचा वाण्याचा धंदा. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात बाजारात धान्य सोन्याच्या भावाचं झालं, आणि या वाण्याचं मात्र दिवाळं निघालं, बायको अन्नावाचून गेली. पुढं त्यांनी लोकांकडच्या येण्याचे कागद इंद्रायणीत सोडले, असं सांगतात. माझ्यात ते बळ नाही. मला भाव पाहिजेच आहे. पण दुष्काळ आणि भाव एकाच तागडीत पाहिलेला माणूस संतांत आहे, एवढाच आधार.

जेठात शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी पातूरचा घाट चढून मेडशीला येते, पुढं डव्ह्याला जाते. २०२३ साली मी पंगतीसाठी तेलाचा डबा दिला. कढईत पुऱ्या फुगत होत्या. पुतण्यानं डबा फिरवून पाहिला आणि म्हणाला, "काकू, सोयाबीनचं हाय. अर्जेंटिनाचंच असन यात."

मी म्हटलं, "हळू बोल. पंगत बसली आहे."