पिन बदलते तेव्हा

१२ सप्टेंबर २०२३ रोजी अ‍ॅपलने आयफोन १५ जाहीर केला आणि अकरा वर्षं चाललेली लाइटनिंग पिन त्यातून काढून टाकली. तिच्या जागी यूएसबी-सी आली, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक फोनना असते ती सी-टाइप. ती बातमी वाचून मला मनापासून समाधान वाटलं. एवढ्या बड्या कंपनीला अखेर युरोपीय संघाच्या कायद्यापुढे मान तुकवावी लागली, याचं ते समाधान होतं. ओळखीचे आयफोनवाले 'आता घरातल्या सगळ्या केबल बाद' म्हणून कुरकुरले, तेव्हाही मला त्यांचं फारसं वाईट वाटलं नाही. मी स्वतः आयफोन कधी वापरलेला नाही. मग त्या बदलाने माझं एवढं काय भलं झालं होतं? हा प्रश्न तेव्हा तसाच राहिला. आज तो मनाला टाळू द्यायचा नाही, असं ठरवून लिहिते आहे.

आधी लोकांच्या रागाकडे न्यायाने पाहते. २००३ साली आयपॉडसोबत आलेली तीस पिनांची रुंद जोडणी आयफोनलाही लागली आणि तिच्याभोवती एक अख्खी बाजारपेठ उभी राहिली. स्पीकर, गाडीतले चार्जर, हॉटेलच्या खोलीत उशाशी ठेवलेली घड्याळं, सगळं त्या एका मापाचं. सप्टेंबर २०१२मध्ये आयफोन ५ आला तो लाइटनिंग घेऊन. जुनी वस्तू नव्या फोनला जोडायची तर २९ डॉलरचा अडॅप्टर वेगळा विकत घ्यायचा. लोक भडकले, आणि त्यात चूक काही नव्हती. काल पैसे मोजून घेतलेली चांगली चालती वस्तू आज कुणीतरी दुसऱ्याने ठरवलं म्हणून निकामी होते, तेव्हा माणसाला आपण फसवले गेलो असंच वाटतं. त्यात लाइटनिंगची केबल बनवायला अ‍ॅपलचा परवाना लागे आणि केबलमध्ये ओळख पटवणारी चिप असे. बिनपरवाना केबल लावली की फोनच्या पडद्यावर इशारा यायचा. म्हणजे पिनेवर ताबा असला की तिच्या आसपासच्या बाजारावरही ताबा राहतो. लोकांचा संशय हवेतला नव्हता.

पण त्याच वर्षी दुसरी बाजूही खरी होती. लाइटनिंग आकाराने कितीतरी लहान होती आणि उलटसुलट कशीही बसत होती. ही सोय देणारं यूएसबी-सीचं मानक त्यानंतर दोन वर्षांनी, २०१४ साली तयार झालं. कंपनीच्या वतीने फिल शिलर यांनी ही पुढच्या दशकासाठीची जोडणी असल्याचं सांगितलं होतं, आणि तिने ते दशक खरोखर भरून काढलं. म्हणजे २०१२चा बदल लोकांच्या खिशावर पडला हे खरं, आणि वस्तू सुधारली हेही खरं. मी मात्र इतकी वर्षं यातलं पहिलंच वाक्य बोलत आले. दुसरं मला ठाऊक होतं, तरी ते माझ्या रागाच्या उपयोगाचं नव्हतं म्हणून मी ते उच्चारलं नाही.

पुढे तक्रारीचं तोंड फिरलं. २०१८मध्ये आयपॅड प्रोला यूएसबी-सी आली, तेव्हा लोक विचारू लागले की फोनला का नाही? २०२०मध्ये आयफोन १२च्या खोक्यातून चार्जर गायब झाला. पर्यावरणासाठी हे केल्याचं कंपनीने सांगितलं आणि लोकांनी त्याला लोभ म्हटलं. मीही म्हटलं. खरं तर एकाच निर्णयात दोन्ही गोष्टी असू शकतात. खोका लहान झाला की जहाजात आणि विमानात जास्त खोकी मावतात आणि इंधन वाचतं. चार्जर वेगळा विकला की कंपनीला पैसेही मिळतात. यातली लोभाचीच बाजू मी का उचलली? कारण लोभ दुसऱ्याचा ठरला की मला काहीच करावं लागत नाही. पर्यावरणाचं कारण अर्धं जरी खरं मानलं, तरी ते माझ्या दारात येऊन उभं राहतं. मग २०२३मध्ये पिन बदलली, तर साध्या आयफोन १५मध्ये डेटाचा वेग जुन्या लाइटनिंगइतकाच ठेवला म्हणून लोक नाराज झाले. तीही तक्रार रास्तच. पण या सगळ्या तक्रारी एका ओळीत मांडल्या की प्रत्येकीच्या मुळाशी 'माझी गैरसोय, माझे पैसे' एवढंच दिसतं. ग्राहकाने आपल्या पैशांबद्दल बोलावं, तो त्याचा हक्कच आहे. मात्र त्या हक्काला पृथ्वीच्या काळजीचं नाव देताना मन साफ असायला हवं.

मी टाळ्या वाजवल्या तो कायदाही एकदा समोर घेते. २००९ साली युरोपीय आयोगाच्या पुढाकाराने मोठ्या फोन कंपन्यांनी मायक्रो यूएसबीवर स्वेच्छेने एकमत केलं. त्याआधी चार्जरचे तीसेक प्रकार होते, ते तीनवर आले. अ‍ॅपलनेही सही केली, पण अडॅप्टरच्या वाटेने आपली पिन राखली. स्वेच्छेचा मार्ग तिथे थांबला. मग ४ ऑक्टोबर २०२२ रोजी युरोपीय संसदेने ६०२ विरुद्ध १३ मतांनी यूएसबी-सीचा कायदा संमत केला. २८ डिसेंबर २०२४पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनना तो लागू झाला आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही मुदत ठरली. आयोगाच्या हिशेबाने टाकून दिलेल्या आणि न वापरलेल्या चार्जरचा कचरा वर्षाला सुमारे ११,००० टन होता. हा कायदा योग्य आहे असं मला आजही वाटतं.

तरी त्याच्या विरोधातल्या एका मुद्द्यापुढे मला थांबावं लागतं. सक्तीमुळे नवी सुधारणा खुंटेल, असं अ‍ॅपल म्हणत होती. मी ते पळवाट म्हणून झटकून टाकलं होतं. पण २००९मध्येच सक्ती झाली असती तर आपण सगळे मायक्रो यूएसबीला बांधले गेलो असतो. त्या पिनेची एक बाजू वर, एक खाली. माझ्या आईची नजर अधू आहे. रात्री फोन लावताना ती आधी बोटाने पिनेची कड चाचपायची आणि तरी उलटी घुसवायची. शेवटी मी पिनेच्या वरच्या अंगाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून दिला. दिव्याच्या उजेडात तो तिला दिसायचा. तिच्या हातात सी-टाइपचा फोन आला तेव्हा ठिपक्याची गरज उरली नाही. एका साध्या पिनेने तिचं रोज रात्रीचं परावलंबन संपलं. म्हणजे बदल नको असं म्हणण्याचा अधिकार निदान मला नाही. युरोपच्या कायद्यात तंत्रज्ञान बदलेल तसं मानक बदलण्याची तरतूद आहे, म्हणून माझं मत कायद्याच्याच बाजूने राहतं. पण आता ते समोरच्याचं म्हणणं ऐकून घेतलेलं मत आहे, पूर्वी तसं नव्हतं.

आता माझ्या घरातल्या पिना. आधी नोकियाची जाड पिन होती, मग बारीक. 'जाड की बारीक?' हा मोबाइलच्या दुकानातला पहिला प्रश्न असायचा. मग मायक्रो यूएसबी आली आणि मग सी-टाइप. अ‍ॅपलने जेवढ्या पिना बदलल्या, त्याहून जास्त माझ्या घरात बदलल्या. त्या प्रत्येक वेळी मी अवाक्षर काढलं नाही. कारण चार्जर स्वस्त होता, फोनसोबत फुकट यायचा आणि जुना खणात सरकवला की विषय संपायचा. दुसऱ्याच्या महागड्या पिनेबद्दल माझ्याकडे मत होतं, स्वतःच्या स्वस्त पिनांबद्दल मात्र प्रश्नसुद्धा नव्हता. त्या समाधानाचं मूळ इथेच आहे असं मला वाटतं. ज्यात आपल्याला काही सोडावं लागत नाही, अशी नीती पाळायला फार सोपी असते.

या बदलांची खरी किंमत कोण मोजतं, हे मला घरातच दिसलं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी माझा जुना फोन दिला होता, चार्जरसकट. काही काळाने त्यांनी विचारलं, "ताई, याला बसणारी वायर आहे का हो घरात? पोरानं ओढून तोडली." तोपर्यंत आमच्याकडे सगळ्यांचे फोन सी-टाइपचे झाले होते आणि जुन्या मायक्रो केबल दिवाळीच्या साफसफाईत भंगारात गेल्या होत्या. मावशींनी नाक्यावरून मिळाली ती हलकी केबल घेतली. ती सैल बसायची. फोन भिंतीला टेकवून, वायरीला पीळ देऊन, एका विशिष्ट कोनात ठेवला तरच चार्जिंग चालू राहायचं. मी तो फोन दिला तेव्हा माझ्या मनात देण्याचा आनंद होता. तंत्रज्ञान वरून खाली येतं तेव्हा संपत आलेली पिन नेहमी सगळ्यात कमी पैसे असलेल्या माणसाच्या हाती पडते, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. कोणतंही मानक ठरवताना या शेवटच्या वापरणाऱ्याचा विचार व्हायला हवा. सगळ्यांना एकच पिन असण्याचा मोठा फायदा मला तरी हाच वाटतो, की शेजारच्या घरातली केबल आपल्याही फोनला चालते.

आणि भंगारात गेलेल्या वायरी? दिल्लीच्या सीलमपूरसारख्या भागांत ई-कचऱ्याचे सुटे भाग हाताने मोकळे करण्याचं काम चालतं. वायरीतलं तांबं काढण्याची स्वस्त रीत म्हणजे वरचं प्लास्टिक जाळणं. पीव्हीसी जळताना डायॉक्सिनसारखी अत्यंत विषारी द्रव्यं सुटतात आणि ती त्या आगीजवळ बसलेल्या माणसाच्या श्वासात जातात. माझी केबल तिथवर पोचली की नाही, ते मला सांगता येत नाही. पण ती पोचू नये म्हणून मी काहीच केलं नव्हतं, एवढं मी ठामपणे सांगू शकते.

याहून अवघड हिशेब पुढे आहे. २०२२मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. त्या डोंगराशेजारी युरोपच्या चार्जरचे ११,००० टन फार थोडे आहेत. फोनमुळे होणाऱ्या कर्ब उत्सर्जनाचा बहुतांश भाग तो तयार होतानाच झालेला असतो, आपण तो चार्ज करतो त्यामुळे होणारा भाग त्या मानाने लहान. म्हणजे कचऱ्याची खरी चिंता असेल तर पिनेपेक्षा फोनकडे पाहायला हवं. चालता फोन मी का बदलला? बॅटरी बदलून भागलं असतं का? गांधीजींनी आश्रमाच्या व्रतांत अपरिग्रह ठेवला आणि विनोबांनी तो जगून दाखवला. त्यांचं नाव आपण आदराने घेतो, पण ते व्रत आपल्या खरेदीला कधी लावून पाहत नाही. मीही पाहिलं नव्हतं.

एवढा विचार करून मी ज्या निष्कर्षाला आले, तो साधा आहे. कंपन्यांना जाब विचारायलाच हवा. भारतातही नोव्हेंबर २०२२मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने बोलावलेल्या बैठकीत फोन, टॅबलेट आणि लॅपटॉपसाठी सी-टाइपवर उद्योगांचं एकमत झालं. १ एप्रिल २०२३पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर कचऱ्याची जबाबदारी टाकली आहे. ती पार पडते की नाही, हे विचारणं ग्राहक म्हणून माझं काम आहे. पण ते विचारण्याचा नैतिक अधिकार मला तेव्हाच येईल, जेव्हा माझ्या वाट्याची जबाबदारी मी उचललेली असेल.

म्हणून मी स्वतःपुरतं काही ठरवलं आहे. फोन दुरुस्त होत असेल तोवर बदलायचा नाही. घरात चालणारा चार्जर असेल तर नवा घ्यायचा नाही. जुना फोन कुणाला दिला तर त्याला बसणारी चांगली केबलही द्यायची आणि ती तुटली तर दुसरी मिळवून देण्याची जबाबदारी आपली मानायची. तुटक्या वायरी भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात, किंवा पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आहे तशा ओळखीच्या, भरवशाच्या व्यवस्थेकडे पोचवायच्या.

तुम्हालाही एक विनंती आहे. पुढच्या वेळी एखादी कंपनी पिन बदलेल, तेव्हा जरूर रागवा, प्रश्न विचारा, कायद्याचा आग्रह धरा. त्याच आठवड्यात घरातला वायरींचा खण उघडा, चालतात त्या गरजवंताला द्या आणि मेलेल्या वायरी ई-कचऱ्याच्या केंद्रात नेऊन द्या.